प्रॅक्टिकलला नुसतं उभं राहू नका: पुण्यात विज्ञान-इंजिनिअरिंगला नव्याने आलेल्यांसाठी

दर पावसाळ्यात पुण्यातल्या कॉलेजांत पहिल्या वर्षाची नवी मुलंमुली येतात. कोणी लातूरहून, कोणी जळगावहून, कोणी इथल्याच सिंहगड रोडवरून. त्यातल्या बऱ्याच जणांची आधीची दोन वर्षं सीईटी-जेईईच्या क्लासमध्ये गेलेली असतात आणि प्रयोगशाळा पाहिलेली असते ती बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर. कॉलेजात आल्यावर वेळापत्रकात आठवड्याला तीन-चार प्रॅक्टिकल दिसतात, आणि पहिल्याच आठवड्यात सीनियर सांगून जातात, "टेन्शन घेऊ नको, जर्नल मिळून जातं."

जर्नल मिळतं हे खरं आहे. पण त्या दोन तासांत जे शिकायला मिळतं ते नंतर कुठल्याच क्लासमध्ये, कुठल्याच व्हिडिओत मिळत नाही. म्हणून प्रॅक्टिकलचा एकच नियम मी सगळ्यांच्या वर ठेवते: हात लावा, आणि जे दिसलं तेच लिहा. पुढे जे सांगितलंय तो हा नियम पाळायचा कसा याचा तपशील आहे. बीएस्सीला असा की बीईला, सुरुवातीचे प्रयोग बरेचसे सारखेच असतात, त्यामुळे उदाहरणं तिथलीच घेतली आहेत.

आदल्या रात्री अर्धा तास

मॅन्युअलमधली कृती पाठ करू नका. कोरं पान घ्या आणि चार प्रश्नांची उत्तरं लिहा. काय मोजायचंय? कशाने मोजायचंय? उत्तर साधारण किती यायला हवं? सगळ्यात मोठी चूक कुठून शिरेल?

तिसऱ्या प्रश्नासाठी आधीच थोडं गणित करावं लागतं. ९ व्होल्टच्या बॅटरीला ४७० ओहमचा रेझिस्टर आणि लाल एलईडी जोडायचा असेल, तर एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतील, उरलेले ७ व्होल्ट रेझिस्टरवर, म्हणजे करंट १५ मिलिअँपिअरच्या आसपास. हा आकडा डोक्यात असला की मीटरवर १५० दिसल्याबरोबर तुम्ही थांबता. तो नसला, तर १५० तसाच वहीत जातो आणि घरी गेल्यावर कळतं. तेव्हा लॅबला कुलूप लागलेलं असतं.

चौथा प्रश्न पहिल्या वर्षाला सहसा कोणी विचारत नाही. पण काळजी कुठे घ्यायची आणि कुठे नाही हे त्यावरच ठरतं. त्याचं उदाहरण पुढे लंबकात सविस्तर येतंय.

मग रीडिंगचं टेबल आखून ठेवा, प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एकक लिहून. जमल्यास केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्जवर तो प्रयोग एकदा करून बघा. त्या उपक्रमात शिवाजीनगरचं आपलं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज, सीओईपीही आहे. पडद्यावर बटणं फिरवून प्रयोगाची रूपरेषा छान कळते. तरी पडद्यावरचा लंबक वाऱ्याने हलत नाही, त्याची दोरी ताणत नाही, त्याच्या स्टँडचा स्क्रू ढिला नसतो. त्यामुळे तयारी म्हणून तो वापरा, प्रॅक्टिकलच्या बदल्यात वापरू नका.

टेबलापाशी जागा मिळवणं

बॅच वीस-पंचवीस जणांची, सेटअप पाच. म्हणजे एका टेबलावर चार-पाच जण, आणि होतं असं की एक हुशार मुलगा सगळं जोडतो, एक मुलगी रीडिंग लिहिते, बाकीचे ते उतरवून घेतात. आपल्याकडच्या प्रॅक्टिकलचं सगळ्यात जास्त नुकसान या एका गोष्टीने होतं असं माझं ठाम मत आहे. जुनी उपकरणं, अपुरी जागा हे सगळं नंतर येतं.

यावर सरळ उपाय आहे. पहिल्याच दिवशी ग्रुपमध्ये ठरवून टाका की कामं फिरती राहतील. या आठवड्यात जोडणी तुझी, रीडिंग माझं, गणित तिचं. पुढच्या आठवड्यात उलट. मुलींना मुद्दाम सांगते, अक्षर चांगलं आहे म्हणून लिहिण्याचं काम कायमचं आपल्या गळ्यात येऊ देऊ नका. आणि प्रयोग लवकर संपला, तर सेटअप मोडून टाका आणि ज्याने अजून जोडलं नाही त्याला पहिल्यापासून जोडायला द्या.

लॅबमधल्या मामांशी ओळख ठेवा. कुठल्या स्पेक्ट्रोमीटरचा स्क्रू घसरतो, कुठल्या मीटरचा काटा अडकतो, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. "मामा, तीन नंबरच्या सेटला रीडिंग स्थिर राहत नाही, जरा बघता का?" असं नीट विचारलं की ते आनंदाने दाखवतात.

कपड्यांचं थोडक्यात: पायात बंद बूट, केस बांधलेले, ओढणी खोचलेली, केमिस्ट्रीला ॲप्रन आणि चष्मा. ॲसिड पातळ करताना नेहमी पाण्यात ॲसिड टाकायचं, हळूहळू, ढवळत. ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. सल्फ्युरिक ॲसिडच्या बाबतीत तर इतकी उष्णता सुटते की वरचं पाणी उकळून ॲसिडसकट अंगावर उडतं.

आणि मोजायला सुरुवात करण्याआधी, हातात आलेल्या प्रत्येक उपकरणाला दोन प्रश्न: तुझा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात छोटं माप, किती, आणि काहीही न मोजता तू शून्य दाखवतोस का? वर्कशॉपच्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट बहुधा ०.०२ मिलिमीटर असतो, स्क्रूगेजचा ०.०१. जबडे मिटल्यावर शून्याला शून्य जुळत नसेल, तर ती झिरो एरर आधी लिहा, मग पुढे जा. वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांच्या हातात असलेल्या उपकरणात ती बहुतेक वेळा असतेच.

लंबकाचा प्रयोग, नीट बघून

साधा लंबक म्हणजे शाळेतला प्रयोग असं समजून कोणी त्याकडे लक्ष देत नाही. मला विचाराल तर पहिल्या वर्षात हा एक प्रयोग मनापासून केला तरी मोजमाप म्हणजे काय ते कळेल.

पुण्यातल्या जर्नलांमध्ये गुरुत्वत्वरणाचं, म्हणजे जीचं, उत्तर ९.८१ असं, अगदी नेमकं, छापल्यासारखं सापडतं. पण पुण्यात जीची किंमत ९.८१ नाहीच. आपण साडेअठरा अक्षांशावर आहोत, म्हणजे विषुववृत्ताच्या बरेच जवळ, आणि शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. दोन्हींमुळे जी कमी होतो. इथे तो ९.७८ च्या जवळ आहे. ज्या वहीत ९.८१ आहे, त्या वहीत बहुतेक वेळा पाठ्यपुस्तकातल्या आकड्यावरून उलटं गणित करून रीडिंग बसवलेली असतात.

आता खरोखर मोजू. दोरीची लांबी अशी घ्या की टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर होईल. गोळ्याचा व्यास व्हर्निअरने मोजून त्याचा अर्धा दोरीच्या लांबीत मिळवायचा. तो विसरलात आणि गोळा २ सेंटिमीटरचा असेल, तर लांबीत १ टक्क्याची चूक झाली, आणि जीमध्येही तेवढीच.

गोळा थोडाच ओढा, ८ सेंटिमीटरपर्यंत. १ मीटर दोरीला हा कोन ५ अंशांच्या आत राहतो. १० अंशांपर्यंत नेलात तर आवर्तकाल (एका आंदोलनाचा वेळ) जवळजवळ ०.२ टक्क्यांनी वाढतो आणि जी ०.४ टक्क्यांनी कमी येतो. मोठ्या झोक्याला साधं सूत्र पूर्ण लागू पडत नाही, म्हणून.

स्टॉपवॉच गोळा मधल्या बिंदूतून जाताना सुरू करा. टोकाला तो रेंगाळतो, त्यामुळे नेमका क्षण पकडता येत नाही; मध्ये तो सगळ्यात वेगात असतो. आणि सुरू करताना "शून्य" म्हणा. हे फार महत्त्वाचं आहे. सुरुवातीलाच "एक" म्हटलं, तर वीस मोजेपर्यंत खरी आंदोलनं एकोणीसच झालेली असतात, आणि जी सुमारे १०.८ येतो. एखाद्या ग्रुपचं उत्तर १०.८ च्या आसपास आलं, की आधी त्यांनी मोजायला कुठून सुरुवात केली ते विचारावं.

आता चौथा प्रश्न. १ मीटर लांबीच्या लंबकाला वीस आंदोलनांना पुण्यात ४०.१७ सेकंद लागायला हवेत. जी खरंच ९.८१ असता तर ४०.१२ लागले असते. फरक ०.०५ सेकंदाचा. बटण दाबताना आणि सोडताना मिळून हाताची चूक सहज ०.२ सेकंद होते. म्हणजे वीस आंदोलनांवरून ९.७८ आणि ९.८१ यांतला फरक तुम्हाला ओळखताच येणार नाही. ४० सेकंदांत ०.२ म्हणजे अर्धा टक्का; सूत्रात काळाचा वर्ग असल्याने जीमध्ये तो १ टक्का होतो. तेव्हा प्रामाणिक उत्तर आहे ९.८ अधिक-उणे ०.१. यात कमीपणा काही नाही.

ज्याला पुढे जायचंय त्याने शंभर आंदोलनं मोजावीत. तेवढीच ०.२ सेकंदांची चूक आता २०० सेकंदांत वाटली जाते आणि जीमधली अनिश्चितता ०.०२ पर्यंत खाली येते. आता आपलं पुणं ९.८१ पासून वेगळं दिसायला लागतं. इथे लांबीच्या मोजमापात मात्र ३ मिलिमीटरचीही ढिलाई चालणार नाही, कारण १ मीटरमध्ये ३ मिलिमीटर म्हणजे जीमध्ये ०.०३.

आणखी एक गंमत आलेखात आहे. पाच-सहा वेगवेगळ्या लांब्या घ्या, प्रत्येकीसाठी आवर्तकालाचा वर्ग काढा आणि लांबीसमोर मांडा. सरळ रेषा येते, तिच्या चढावरून जी निघतो. समजा तुम्ही सगळ्याच लांब्या गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजल्या. तरी चढ बदलत नाही! रेषा फक्त शून्यातून जात नाही, आणि ती लांबीच्या अक्षाला शून्याच्या किती मागे छेदते यावरून गोळ्याची त्रिज्या मिळते. प्रत्येक रीडिंगचा वेगळा जी काढून सरासरी घेणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. त्याची चूक सरासरीत शिरून बसते. आलेख काढा म्हणून शिक्षक मागे लागतात ते यासाठी.

हाच गावाच्या उंचीचा मुद्दा थर्मामीटरलाही लागू होतो. उकळत्या पाण्यात थर्मामीटर धरून १०० दिसत नाहीत म्हणून तो बिघडलाय असं ठरवू नका. पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब कमी असतो आणि पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं.

कच्ची वही

रीडिंग सुट्या कागदावर घेऊ नका. शिवलेली वही ठेवा, पेनाने लिहा, खोडरबर आणि व्हाइटनर घरी ठेवा. चुकीचं वाटलेलं रीडिंग एका रेघेने खोडा, इतकं की खालचा आकडा वाचता येईल, आणि बाजूला कारण लिहा: "पंख्याची हवा लागत होती", "मीटरची रेंज चुकली". तारीख, सेटचा नंबर, बरोबर कोण होतं, हेही टिपून ठेवा. शंका आली तर पुढच्या आठवड्यात त्याच सेटवर जाऊन तपासता येतं.

आलेखाचा कच्चा आराखडा लॅबमध्येच काढत जा, एक रीडिंग झालं की एक बिंदू. सहावा बिंदू रेषेबाहेर पडला तर तेव्हाच पुन्हा मोजता येतो. पुन्हा मोजूनही तो बाहेरच राहिला, तर तो तसाच ठेवा आणि सरांना दाखवा. अशा बिंदूला पुसून टाकण्याइतकं वाईट मला काही वाटत नाही. सेटअपमधला दोष असो की तुमच्या समजुतीतला, तो सांगणारा तेवढा एकच बिंदू असतो.

फेअर जर्नल सुंदर लिहा, काही हरकत नाही. आप्पा बळवंत चौकातून हवे तसे कागद आणा. पण त्यातला प्रत्येक आकडा कच्च्या वहीत सापडला पाहिजे.

बुधवार पेठेतून सुरू होणारी लॅब

कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये बहुधा तयार ट्रेनर किट असतं. वर सर्किट छापलेलं, आत काय आहे ते बंद, तुम्ही फक्त पॅचकॉर्ड खोचायच्या. त्यातून रीडिंग पटापट मिळतात, पण सर्किट जोडायला हात शिकत नाही. म्हणून स्वतःचं छोटं सामान घ्याच.

त्यासाठी बुधवार पेठेत जा. पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं ओळीने आहेत. आधी यादी लिहून न्या, कारण गर्दीच्या वेळी काउंटरवर विचार करायला सवड मिळत नाही. पहिल्या फेरीला इतकं पुरे: एक ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायची भोकांची पाटी), साधा पिवळा डिजिटल मल्टिमीटर, ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, पाव वॅटचे रेझिस्टर (२२०, ४७०, १ के, १० के, प्रत्येकी दहा), लाल-हिरवे एलईडी, सिंगल स्ट्रँड हुकअप वायर आणि वायर स्ट्रिपर. सोल्डरिंग गन, आर्डुइनो वगैरे नंतर. "दादा, पाव वॅटचे चारशे सत्तर ओहम दहा द्या" असं एका दमात सांगितलंत की काम लवकर होतं. स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, कानस असली हत्यारं रविवार पेठेत बोहरी आळीत भरपूर मिळतात.

खोलीवर आल्यावर पहिलं काम मल्टिमीटरशी ओळख. ४७० ओहमचा रेझिस्टर हातात घ्या: पिवळा, जांभळा, तपकिरी, आणि शेवटचा सोनेरी पट्टा ५ टक्क्यांचा. म्हणजे तो ४४७ ते ४९३ यांमध्ये कुठेही असू शकतो. दहाही मोजा. दहा वेगळे आकडे येतील आणि सगळे योग्यच असतील. एकाच किमतीचे रेझिस्टर एकसारखे नसतात ही गोष्ट बोटांनी कळली की पुढे "थिअरीत इतकं, प्रत्यक्षात तितकं" याची भीती वाटत नाही.

मग ब्रेडबोर्ड. मधल्या भागात पाच-पाच भोकं आतून जोडलेली असतात आणि मधली खाच ओलांडून जोडणी जात नाही. कडेच्या लांब पट्ट्या सप्लायसाठी. काही बोर्डांत या पट्ट्या मध्यावर तुटक असतात. अर्धं सर्किट चालतं आणि अर्धं मेलेलं राहतं ते यामुळे. मल्टिमीटर बझरच्या रेंजवर लावून आपला बोर्ड कसा आहे ते आधीच तपासा.

आता बॅटरी, रेझिस्टर आणि एलईडी एकामागे एक जोडा. एलईडीचा लांब पाय प्लसकडे. व्होल्टेज मोजताना मीटर समांतर लावतात: रेझिस्टरवर किती, एलईडीवर किती, दोन्हींची बेरीज बॅटरीइतकी येते का ते बघा. करंट मोजताना सर्किट एका ठिकाणी तोडून मीटर मध्ये बसवायचा असतो. नव्या माणसाचा हात इथेच चुकतो. करंट मोजून झाल्यावर लाल वायर त्याच खोबणीत राहते, आणि पुढच्या वेळी तसाच मीटर थेट बॅटरीला लावला जातो. त्या अवस्थेत मीटरचा रेझिस्टन्स नगण्य असतो, म्हणजे तो सरळसरळ शॉर्ट झाला. नशीब चांगलं असेल तर फक्त फ्यूज उडतो. स्वस्त मीटरमध्ये १० अँपिअरच्या खोबणीला फ्यूजच नसतो. म्हणून सवय लावा: करंट मोजला की वायर लगेच व्होल्टच्या खोबणीत परत.

भिंतीच्या २३० व्होल्टवर पहिल्या वर्षात घरी काहीही करू नका. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, ७८०५ (५ व्होल्ट स्थिर ठेवणारी आयसी) लावून पॉवर सप्लाय बनवायची हौस सगळ्यांनाच येते. ती कॉलेजच्या लॅबमध्ये, शिक्षक समोर असताना भागवा. खोलीवर ५ व्होल्ट हवेच असतील तर चांगल्या कंपनीचा मोबाइल चार्जर पुरतो.

अशाच साध्या सामानातून होणारी आणखी एक गोष्ट सुचवते. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून थोडी इनॅमलची तांब्याची तार आणा. टॉर्चच्या सेलभोवती दहा-पंधरा वेढे घेऊन वेटोळं करा, दोन टोकं समोरासमोर काढा. सेलच्या दोन टोकांना दोन सेफ्टी पिना रबरबँडने घट्ट बांधा, सेलवर चुंबक ठेवा आणि वेटोळं पिनांच्या भोकांत टेकवा. एका टोकाचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याचं फक्त एका बाजूचं. हलकासा धक्का दिला की मोटर फिरायला लागते. मग मुद्दाम दुसरं टोकही पूर्ण खरवडा आणि बघा: वेटोळं थरथरतं, अडतं, फिरत नाही. अर्ध्या फेरीनंतर बल उलट्या दिशेने लागतं, आणि आधी त्या क्षणी न खरवडलेलं इनॅमल करंट तोडत होतं. कम्युटेटरचं, म्हणजे मोटरमधला करंट वेळेवर बदलणाऱ्या भागाचं, काम यानंतर पाठ करावं लागत नाही. अशी शेकडो खेळणी अरविंद गुप्ता यांनी लोकांपर्यंत पोहोचवली आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतूनही ती पाहता येतात.

केमिस्ट्रीला स्वतःचं पाणी न्या

पाण्याचा कठीणपणा (त्यात विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) ईडीटीए या रसायनाने मोजायचा प्रयोग इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असतो. बाटलीतलं नमुन्याचं पाणी सगळ्यांना तेच, उत्तरही तेच. शिक्षकांची परवानगी काढून दोन छोट्या बाटल्या घरून आणा: एकीत महापालिकेचं नळाचं पाणी, दुसरीत सोसायटीच्या बोअरचं किंवा टँकरचं.

नळाचं पाणी खडकवासला साखळीतल्या धरणांतलं, म्हणजे मुख्यतः मुळशी-वेल्ह्याकडच्या डोंगरांवर पडलेला पाऊस. बोअरचं पाणी बसाल्टच्या भेगांतून मुरत आलेलं, वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन. फरक किती पडतो ते ब्युरेट सांगेल. ०.०१ मोलर ईडीटीएचा १ मिलिलिटर म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, हे लक्षात ठेवलं की गणित तोंडी होतं. ५० मिलिलिटर पाण्याला १० मिलिलिटर ईडीटीए लागलं तर कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, स्वीकारार्ह मर्यादा नेमकी हीच आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं.

हाताची काळजी दोन ठिकाणी. ब्युरेट वाचताना डोळा पातळीच्या रेषेत आणि पाण्याच्या वक्राचा तळ वाचायचा. शेवटाजवळ इंडिकेटरचा वाईनसारखा लाल रंग जांभळट व्हायला लागला की थेंबाथेंबाने टाका, प्रत्येक थेंबानंतर ढवळा आणि क्षणभर थांबा. हा रंगबदल सावकाश होतो. जांभळटपणा पूर्ण जाऊन स्वच्छ निळा आला की थांबायचं. पीएच स्थिर ठेवणारा बफर घालायला विसरलात तर मात्र कितीही थांबा, नीट शेवट येणार नाही, कारण हा इंडिकेटर पीएच १० च्या आसपासच काम करतो. उरलेलं बोअरचं पाणी उकळून, गाळून पुन्हा मोजा. जेवढं कमी झालं तेवढा तात्पुरता कठीणपणा.

वर्कशॉप

फिटिंगचा जॉब पाहून कॉम्प्युटरची मुलं नाक मुरडतात. सीओईपीची सुरुवात १८५४ साली झाली तेव्हा सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी कामाची माणसं तयार करणं हा तिचा हेतू होता, आणि भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत आजही हाताने काम कळणाऱ्या इंजिनिअरला वेगळा मान असतो. हॅकसॉचे दात पुढच्या दिशेला. कानस पुढे नेताना दाब, मागे आणताना उचलून. गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून उजेडाकडे धरा. फटीतून उजेड दिसला तिथे अजून काम बाकी. लेथ आणि ड्रिलिंग मशीनवर हातमोजे घालू नका, फिरता भाग मोज्यासकट हात ओढून नेतो. चकची किल्ली काढल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही.

ओरलच्या दिवशी

एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, येतात ते व्याख्या विचारायला असं वाटून मुलं व्याख्या पाठ करतात. खरा प्रश्न बहुधा टेबलावरचा असतो. "हा मीटर इथून काढून तिथे लावला तर?" "दोरी दुप्पट केली तर?" "तुझं उत्तर पुस्तकापेक्षा कमी का आलं?" कच्ची वही बरोबर असेल तर या शेवटच्या प्रश्नाला घाबरायचं कारण नाही. "सर, हाताची चूक ०.२ सेकंद धरली, म्हणून अनिश्चितता ०.१ आहे, आणि पुस्तकातली किंमत त्या पट्ट्यात बसते", असं शांतपणे सांगणारा विद्यार्थी परीक्षकाच्या लक्षात राहतो. माहीत नसेल तर "हे करून बघावं लागेल" असं म्हणा, आणि कसं करून बघाल तेही सांगा.

कॉलेजच्या बाहेर

गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथे पृथ्वीचं फिरणं दाखवणारा फुको लंबक आहे. पुण्याच्या अक्षांशावर त्याचं आंदोलनाचं प्रतल तासाला पावणेपाच अंशांच्या आसपास फिरतं, म्हणजे पूर्ण फेरीला ७५ तास. ध्रुवावर दिवसभरात जे होतं त्याला इथे तीन दिवसांहून जास्त का लागतात, हे तिथे उभं राहून सोडवण्यासारखं कोडं आहे. आयुकाच्याच आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. चिंचवडला सायन्स पार्क आहे, धाकट्या भावंडांना घेऊन जा.

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन; १९२८ साली त्याच तारखेला रामन यांनी आपला शोध जाहीर केला होता. त्या सुमारास आयुका आणि खोडदची जीएमआरटी दुर्बीण सर्वांसाठी खुली असते. खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ही रेडिओ दुर्बीण आहे, आणि त्या दिवशी आजूबाजूच्या शाळा-कॉलेजांतली मुलं आपापले प्रयोग मांडून बसतात. त्यांना नुसतं "छान" म्हणून पुढे जाऊ नका. "हे पहिल्यांदा चाललं नाही तेव्हा काय केलंस?" असं विचारा, मुलं भरभरून सांगतात. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला उतरून पुढे खोडदला जायचं असतं. दुर्बिणीजवळ मोबाइल बंद ठेवावा लागतो, कारण त्याच्या लहरी निरीक्षणात व्यत्यय आणतात. तेव्हा वही-पेन जवळ ठेवा, बरोबरच्यांशी भेटायची जागा आधी ठरवा, आणि नारायणगावहून परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते उतरल्या उतरल्या विचारून घ्या.